क्रँकबेट परीक्षण: तापी-गिरणेच्या पाण्याला कोणता ओठ, कोणता रंग

आधी निकाल सांगतो. पैसे मोजकेच असतील तर चौकोनी ओठाचे दोन क्रँकबेट घ्या, एक पोपटी-काळा आणि एक चंदेरी. थोडे जास्त असतील तर सहा फूट खोल जाणारा एक लाकडी त्यात घाला. ऑनलाइन मिळणारा दहा-बारा नगांचा रंगीत डबाही चालतो, पण त्याचे गळ आणि कड्या बदलायचा खर्च किमतीत आधीच धरायचा. मग तो डबा तेवढा स्वस्त राहत नाही.

क्रँकबेट हा पोट फुगलेल्या माशाच्या आकाराचा लूर, म्हणजे माशाला फसवायचं खोटं आमिष. तोंडाशी पारदर्शक ओठ, पोटाला आणि शेपटीला एकेक ट्रेबल, म्हणजे तीन काट्यांचा गळ. पाण्यात सोडला की तरंगतो, रीळ फिरवली की ओठावर पाण्याचा दाब येऊन खाली जातो आणि अंग हलवत पळतो. रीळ थांबवली की पुन्हा वर येतो. वर येण्याचा हा गुणच त्याला अडकण्यापासून वाचवतो.

हा सगळा प्रकार अमेरिकेत बास माशासाठी घडला. टेनेसी राज्यात फ्रेड यंगने १९६० च्या दशकाच्या अखेरीस बाल्सा लाकडात कोरलेला 'बिग ओ' हा चौकोनी ओठाच्या क्रँकबेटचा मूळ पुरुष. त्यामुळे पाकिटामागचा रंगांचा तक्ता बास आणि त्याचं तिथलं खाद्य डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला असतो: शॅड नावाचा चंदेरी मासा आणि क्रॉडॅड, म्हणजे गोड्या पाण्यातला नांगीवाला झिंग्यासारखा जीव. तापीत बास नाही. आपल्याकडे क्रँकबेटवर येणारे मासे म्हणजे मरळ, शिवडा आणि अधूनमधून शिंगाडा. ते खातात चिलवा, चिलापीची पिल्लं, झिंगे, खेकडे, बेडूक. तेव्हा तक्ता फेकायचा नाही, पण त्याचा अनुवाद करून वापरायचा. शॅडच्या जागी चिलवा. क्रॉडॅडच्या जागी नाल्याकाठचा तपकिरी खेकडा.

दुकानात बहुतेक लोक रंगापासून सुरुवात करतात. तिथेच चुकतं. क्रम असा लावा: आधी खोली, मग हालचाल, मग आवाज आणि शेवटी रंग. दोन फुटांवर पळणारा सर्वात सुंदर लूर दहा फुटांवर बसलेल्या शिवड्याच्या काही कामाचा नाही.

खोली ओठावरून ओळखता येते. ओठ आखूड आणि अंगाला उभा असेल तर लूर तीन-चार फुटांच्या आत पळतो. लांब आणि अंगाच्या रेषेत जवळजवळ आडवा असेल तर खोल जातो. ओठाचं टोक चौकोनी असेल तर त्याचे कोपरे आधी खुंटावर आदळतात, लूर एका कडेला उडी मारतो आणि गळ लाकडात रुतायच्या आत पुढे निघतो. गोल ओठाला ही युक्ती तितकी साधत नाही. तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यात पाणी उथळ, गाळ भरपूर आणि बुडालेल्या बाभळींची खुंटं जागोजागी. तिथे चौकोनी ओठाला पर्याय नाही. गिरणा धरणात काठ झपाट्याने खाली उतरतो अशा जागी मात्र तोच लूर माशाच्या डोक्यावरून निघून जातो. तिथे खोल जाणारा हवा.

आता एकेक नग.

रापाला कंपनीचा डीटी-६. नावातला आकडा म्हणजे फूट. व्यवस्थित लांब टाकला तर सहा फुटांवर पोचतो आणि ओढीचा बराच भाग त्याच खोलीवर राहतो. अंग बाल्सा लाकडाचं, लांबी ५ सेंटिमीटर, वजन दहा-बारा ग्रॅम. या मालिकेच्या घडणीत डेव्हिड फ्रिट्सचा हात आहे. १९९३ ची बासमास्टर क्लासिक स्पर्धा त्याने क्रँकबेटवरच जिंकली होती. लाकूड प्लास्टिकपेक्षा जास्त तरंगतं, म्हणून रीळ थांबताच हा झटकन वर उचलला जातो. खुंट ओलांडताना याचा फायदा होतो. उलट बाजूही तेवढीच खरी आहे. बाल्सा मऊ असतं. दगडी पिचिंगवर, म्हणजे धरणाच्या दगड लावलेल्या भिंतीवर, दोन-चार वेळा आपटला की रंगाला तडा जातो. तड्यातून पाणी शिरलं की लाकूड फुगतं आणि चाल बिघडते. तडा दिसला की लूर पूर्ण वाळवून त्यावर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्या. हे काम त्याच आठवड्यात करा, पुढच्या हंगामावर ढकलू नका.

रापालाचाच शॅड रॅप, ७ सेंटिमीटरचा. १९८२ पासून बाजारात आहे आणि अजून टिकून आहे. अंग चपटं, हालचाल बारीक आणि घट्ट, आत खुळखुळा नाही. टाकून ओढला तर पाच ते अकरा फूट जातो. खानदेशात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पाणी गार आणि मासा सुस्त असतो, तेव्हा डीटीपेक्षा हा सरस. वजन फक्त ८ ग्रॅम, ही त्याची अडचण. समोरून वारा असेल तर हवेतच फिरतो, लाइन गुंडाळते आणि लूर पंधरा पावलांवर पडतो. जाड रॉडवर तो घेऊच नका. मऊ टोकाचा रॉड, छोटी स्पिनिंग रीळ आणि बारीक लाइन असेल तरच मजा आहे.

चौकोनी ओठाचे प्लास्टिक क्रँकबेट बऱ्याच कंपन्या करतात आणि ठीकठाक कंपनीचा कुठलाही चालतो. पाच ते सहा सेंटिमीटरचा घ्या, दहा ते चौदा ग्रॅमचा. वजन असल्यामुळे वाऱ्यातही सरळ जातो. दगडावर आपटला तरी फुटत नाही. आपल्या पाण्यात सगळ्यात जास्त काम हाच करतो, म्हणून पहिली खरेदी याची.

आणि आता तो डबा. आत दहा-बारा नग, प्रत्येकाला थ्री-डी डोळे, होलोग्राफीची चमक. हातात घेऊन पाहिलं तर पोटाच्या जोडरेषेवर गोंदाचा ओघळ दिसतो आणि चमकता कागद शेपटीपाशी सुटलेला असतो. घेतल्यावर चार चाचण्या करा, पंधरा मिनिटांचं काम आहे.

पहिली, कानाशी धरून हलवा. खुळखुळ्याच्या गोळ्यांचा आवाज कोरडा येतो. आत पाणी डचमळल्याचा आवाज आला तर तो नग बाद. दुसरी, कोमट पाण्याच्या भांड्यात बुडवून धरा. जोडरेषेतून बुडबुडे आले तर तिथे फट आहे. सुपरग्लूचा एक थेंब लावून ती बुजते. तिसरी, गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून हलकं ओढा. टोक नखात रुतलं तर धार आहे, घसरलं तर नाही. मग पकडीने काटा किंचित वाकवून बघा. मेणासारखा वाकला तर मरळीच्या पहिल्या झटक्यात सरळ होणार. चौथी चाचणी स्प्लिट रिंगची, म्हणजे गळ अडकवायच्या कडीची. दोन पकडींनी ओढा. फट पडली तर ती रिंग फेकून द्या.

या डब्यांतले गळ आणि रिंगा या चाचणीत बहुतेक वेळा नापास होतात. अंग आणि ओठ बरे असतात. म्हणून बदलायचं ते लोखंड. फक्त नवा गळ मूळ गळाच्याच मापाचा घ्या आणि जाडी एकाच पायरीने वाढवा. दोन मापांनी मोठा लावला तर पोटातलं वजन वाढून लूर हलेनासा होतो, कधी तरंगायचाच थांबतो. पोटाचा आणि शेपटीचा गळ एकमेकांत अडकत नाहीत ना, हे लूर हातात लटकवून बघा.

आता रंग.

तापीच्या काठची माती काळी. पावसाळ्यात हतनूरचे ४१ दरवाजे उघडतात तेव्हा खाली जे पाणी येतं त्यात हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. तेच पाणी दिवाळीनंतर निवळायला लागतं, जानेवारीत बऱ्यापैकी स्वच्छ होतं आणि एप्रिल-मेमध्ये उतरलेल्या साठ्यात शेवाळाने हिरवट होतं. म्हणजे वर्षभर एकच रंग चालणार नाही. अंदाजावर मात्र जाऊ नका, मोजा. पांढरा किंवा चंदेरी लूर काठाजवळ लाइनला लटकवून हळूहळू खाली सोडा आणि कुठे दिसेनासा होतो ते पाहा.

एका वितीच्या आत दिसेनासा झाला तर पाणी गढूळ. इथे पोपटी-पिवळं अंग आणि काळी पाठ. पोपटी म्हणजे कोणता? पिकायला नुकतीच सुरुवात झालेल्या केळीचा, हिरव्यातून पिवळ्यात जाणारा, आणि त्यावर फ्लोरोसंट चमक. गढूळ पाण्यात निळा प्रकाश सगळ्यात आधी संपतो, पिवळा-नारिंगी त्या मानाने टिकतो. काळी पाठ हवी ती उठावासाठी: एकसारख्या गढूळ पडद्यावर दोन रंगांची कड डोळ्यात भरते. तरी इतक्या गढुळात मासा डोळ्यांपेक्षा अंगावरच्या पार्श्वरेषेने जास्त शोधतो. पाण्याची थरथर तिथे त्याला कळते. शिवड्याला त्याशिवाय लांब मिशा आहेत. म्हणून अशा पाण्यात रुंद डुलणारा, खुळखुळ्याचा लूर घ्या आणि रंगाची चर्चा थांबवा.

एक वीत ते दोन हात दिसत असेल तर तांबूस-तपकिरी खेकडा, किंवा फायरटायगर. फायरटायगर म्हणजे हिरवी पाठ, पिवळट बाजू, काळे पट्टे, नारिंगी पोट. नावात वाघ असला तरी दिसतो नवरात्रातल्या रांगोळीसारखा. वर्षातले बरेच महिने आपलं पाणी याच पट्ट्यात असतं. दगडी काठ असेल तर खेकडा रंग लावून लूर तळाला घासत आणा. मोकळं पाणी असेल तर फायरटायगर.

दोन हातांच्या पुढे दिसत असेल तर भडकपणा सोडा. चंदेरी बाजू, करडी किंवा हिरवट पाठ, पांढरं पोट, म्हणजे चिलवाच. चिलापीची पिल्लं भरपूर असलेल्या जागी बाजूला पुसट उभे पट्टे असलेला घ्या. ऊन असेल तर चकाकणारा, आभाळ असेल तर चमक नसलेला मॅट पांढरा. एप्रिलच्या हिरवट पाण्यात हाच मॅट पांढरा बऱ्याचदा पोपटीवर मात करतो, असं आमचं मत आहे. हिरव्या पाण्यात हिरवट लूर मिसळून जातो, इतकं साधं कारण.

लाल रंगाबद्दल एक गोष्ट. टेक्सासमध्ये वसंत ऋतूत लाल क्रँकबेटचं वेड आहे, आणि बासला लाल चांगला दिसतोही. इलिनॉय विद्यापीठातल्या अभ्यासात बासने लाल आणि हिरवा नीट ओळखले, पण पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत त्याचा गोंधळ झाला, तसाच गडद निळा आणि काळ्यातही. हे बासचे डोळे आहेत, मरळीचे नाहीत, त्यामुळे निष्कर्ष उचलून इकडे लावू नका. त्यातून घ्यायचं ते एवढंच: दुकानात माणसाला वेगवेगळे वाटणारे बारा रंग माशाला बारा असतीलच असं नाही. उजळ, गडद आणि चंदेरी, अशा तीन गटांतला एकेक नग असला की पुरे. निवळ पाण्याखाली लाल लवकर काळवंडतो, म्हणून खोल जाणाऱ्या लूरवर लाल रंगाचे पैसे वाया जातात. उथळ चौकोनी ओठावर लाल पोट ठीक.

रंग घरीही बदलता येतो. काळ्या पर्मनंट मार्करने पाठ गडद करा, वर पारदर्शक थर द्या, नाहीतर दोन दिवसांत बोटांना लागतो. नेलपॉलिश थेट होलोग्राफीच्या कागदावर जाड लावू नका. त्यातलं द्रावक खालचा रंग विरघळवतं आणि लूर चिकट होतो. पातळ हात, पूर्ण वाळू द्या, मग दुसरा.

टाकायचं कसं? साडेसहा ते सात फुटांचा मध्यम रॉड, टोकाकडचा तिसरा भाग सहज वाकणारा. अगदी ताठ रॉडवर मासा ट्रेबलमधून फाटून निघतो. २५०० किंवा ३००० मापाची स्पिनिंग रीळ पुरते. वीस पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन, आणि पुढे दोन हात लीडर, म्हणजे लूरजवळ जोडायचा वेगळ्या लाइनचा तुकडा. लाइन जितकी बारीक तितका लूर खोल जातो, कारण पाण्याचा अडथळा कमी. शिवड्याच्या जबड्यात बारीक दातांची कानस असते, म्हणून त्याच्या जागी चाळीस पौंडी जाड लीडर. स्टीलची तार लावली तर लूरची थरथर अर्धी मरते, ती टाळा. लूरला छोटा स्नॅप, म्हणजे उघडमीट होणारी तारेची कडी; सोबत स्विव्हल, म्हणजे गोल फिरणारी कडी, नको. गाठ थेट ओठावरच्या डोळ्याला, म्हणजे लाइन बांधायच्या तारेच्या भोकाला, मारायची असेल तर फासा ढिला राहणारी मारा. घट्ट गाठ एका बाजूला सरकली की लूर तिरका पळतो.

लांब फेका. क्रँकबेट खाली जायला अंतर घेतो आणि शेवटी आपल्याकडे वर चढतो. कामाची खोली फक्त मधल्या पट्ट्यात असते, म्हणून जागा ओलांडून आठ-दहा पावलं पुढे फेका. रॉडचं टोक पाण्याकडे, आणि लूर तळाच्या खोलीपेक्षा एक-दोन फूट जास्त जाणारा. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण लूर तळाला, दगडाला, खुंटाला धडकलाच पाहिजे. धडकून दिशा बदलली त्याच क्षणी बहुतेक मासे त्यावर झडप घालतात. धडक हाताला लागली की रीळ थांबवा, दोन अंक मोजा, लूर वर उचलला जाऊ द्या, मग पुन्हा सुरू. एकाच वेगाने रीळ फिरवत राहणं हा लूर फुकट घालवण्याचा सोपा मार्ग.

मासा लागल्यावर झटका देऊ नका. फिरवत राहा आणि रॉड आडवा ओढा, काटे बारीक असतात, आपोआप शिरतात. मरळीचं तोंड मात्र हाडाचं आहे. तिला त्या आडव्या ओढीत जरा जोर लावा आणि लगेच जलपर्णीपासून दूर खेचा. तिच्या तोंडात बोटं घालायची नाहीत. ट्रेबल तोंडात, मरळ उड्या मारतेय, यात दुसरा काटा बोटात शिरायला वेळ लागत नाही. लांब पकड हाताशी ठेवा, काट्यांच्या आकड्या पकडीने दाबून बोथट केल्या तर आणखी बरं. पाण्यावर तांबूस पिल्लांचा गोळा दिसला तर खाली मरळीची जोडी राखण करत असते. तिथे लूर टाकू नये. शिवडाही आययूसीएनच्या जागतिक यादीत 'असुरक्षित' (व्हल्नरेबल) ठरलेला मासा आहे, मोठा लागला तर सोडून द्या.

लूर तिरका पळतो ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. पाटचारीच्या काठावर चार पावलं ओढून तपासा. तोंड आपल्याकडे करून धरा. आपल्या डावीकडे पळत असेल तर ओठावरचा डोळा पकडीने किंचित उजवीकडे वाकवा. किंचित म्हणजे केसभर. पुन्हा ओढा, पुन्हा बघा. डोळा वाकवताना पिळू नका, तो ओठातून ढिला झाला की लूर संपला.

अडकला तर ओढाताण करू नका. लाइन ढिली सोडा, बाल्साचा असेल तर पुष्कळदा स्वतःच वर येतो. नाही आला तर ५०-६० ग्रॅमचं शिसं स्नॅपमध्ये घालून लाइनवरून खाली सोडा आणि दोनदा टोचा. मच्छीमारांच्या जाळ्यात अडकला तर जाळं कापायचं नाही, स्वतःची लाइन कापायची. बहुतेक धरणांचा मासेमारीचा ठेका तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, आधी विचारून टाका. अनेर धरणाचा भाग अभयारण्यात येतो, तो सोडा. आणि दरवाज्यांच्या खालच्या बाजूला पाण्यात उतरू नका, भोंगा ऐकू येईपर्यंत पाणी वाढलेलं असतं.

क्रँकबेट कुठे नको तेही सांगायला हवं. जलपर्णीच्या आत आणि दाट शेवाळात दोन ट्रेबल म्हणजे दंताळंच. तिथे बेडकाच्या आकाराचा, गळ लपलेला रबरी लूर घ्या. मरळ त्याच्यावरच जास्त खात्रीने येते.

शेवटी लूरचा डबा ठेवायचा कुठे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. डॅशबोर्डवर राहिलेल्या प्लास्टिक क्रँकबेटची आतली हवा फुगते, जोडरेष उकलते आणि रंगाखाली फोड येतात. रबरी लूर त्याच खान्यात असेल तर दोन्हींचा रंग विरघळून एकमेकांना चिकटतो. डबा सीटखाली सावलीत, गळ वाळवून, रबरी लूर वेगळ्या पिशवीत.